इजिप्तची स्मारक-नाणी जमवायची तर सुरुवात कुठून करावी?

स्मारक-नाणी म्हणजे इजिप्तची प्राचीन स्मारके, राजे-राण्या किंवा एखादा मोठा प्रसंग ज्यांवर कोरला आहे अशी नाणी. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: पिरॅमिड बांधणाऱ्या फॅरोंकडे नाणीच नव्हती. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूच्या काळातल्या मजुरांना मेहनताना भाकरी आणि बिअरच्या रूपात मिळे. पुढच्या काळात वस्तूंचे मोल तांब्याच्या वजनात, म्हणजे देबेनमध्ये सांगत. नवराज्याच्या, म्हणजे तुतानखामेन वगैरे फॅरोंच्या काळात एक देबेन साधारण ९१ ग्रॅमचा होता. एतद्देशीय फॅरोंनी सोन्याचे नाणे पाडले ते थेट इ.स.पूर्व चौथ्या शतकात, तेही अगदी मोजके. त्यामुळे लक्सॉरच्या बाजारात कोणी पिरॅमिडचा छाप असलेले ‘फॅरोच्या वेळचे’ नाणे हातावर ठेवले, तर हसून परत करावे.

रोमन काळातली अलेक्झांड्रियाची नाणी मात्र खरोखर प्राचीन आहेत. रोमन सम्राट हेड्रियनच्या काही कांस्य नाण्यांवर अलेक्झांड्रियाजवळच्या फॅरोस बेटावरचा दीपस्तंभ दिसतो. पण त्या वाटेला नवख्याने जाऊ नये. इजिप्तच्या १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार आणि देशाबाहेर नेणे दोन्ही बंद आहे. पर्यटकाला रस्त्यावर मिळणारे ‘जुने’ नाणे बहुधा नकली असते, आणि अस्सल असेल तर विमानतळावर भलताच प्रसंग ओढवतो. म्हणून हा लेख आधुनिक नाण्यांपुरताच.

आधी तारीख वाचायला शिका

इजिप्तच्या नाण्यावर बहुतेक वेळा दोन सने असतात, हिजरी आणि इसवी, आणि दोन्ही अरबी अंकांत. मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण आपल्या शून्यासारखे दिसणारे वाटोळे चिन्ह तिथे ५ असते आणि शून्य म्हणजे नुसते टिंब. १९५५ च्या नाण्यावर शेवटी दोन वाटोळी दिसतात आणि आपण बिनदिक्कत १९०० वाचतो. २००५ मध्ये आधी दोनचा आकडा, मग दोन टिंबे आणि शेवटी एक वाटोळे.

बाकीचे आकडे अर्ध्या तासात पाठ होतात. उभी रेघ म्हणजे १. दांड्याच्या माथ्यावर एक खाच असेल तर २, दोन असतील तर ३. आपला तीन आरशात पाहिल्यासारखा दिसतो तो ४. इंग्रजी सात उलट्या तोंडाचा झाला की ६. वर उघडा कोन ७, खाली उघडा कोन ८, आणि ९ इंग्रजीसारखाच. फक्त हिजरी सन असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. उत्तर एखाद्या वर्षाच्या फरकाने बरोबर येते. १३७४ चे उत्तर सुमारे १९५५, १४२६ चे २००५.

पहिली खरेदी स्वस्तातली असू द्या

माझे स्पष्ट मत असे, की सुरुवात चकचकीत प्रूफ नाण्याने, म्हणजे खास संग्राहकांसाठी आरशासारखे पाडलेल्या नाण्याने, करू नये; लोकांच्या खिशात फिरलेल्या नाण्याने करावी. १९५२ च्या क्रांतीपर्यंत इजिप्तच्या नाण्यांवर राजाचा चेहरा असे, आधी फुआदचा, मग फारूकचा. राजा गेला, प्रजासत्ताक आले, आणि १९५४ पासून त्या जागी गिझाचा स्फिंक्स येऊन बसला. १, ५ आणि १० मिलिमची ही ॲल्युमिनियम-कांस्याची नाणी आजही स्वस्तात मिळतात. इथे १००० मिलिम किंवा १०० पियास्टर म्हणजे १ पाउंड.

त्यांत जमवणाऱ्याला गुंतवून ठेवणारा एक बारकावा आहे. १ मिलिमचा स्फिंक्स तीन तऱ्हांचा सापडतो: लहान आणि खालच्या चौथऱ्याची कड कोरलेला, लहान पण कड नसलेला, आणि मोठा. भिंगाखाली तिन्ही शेजारी ठेवले की फरक कळतो. विक्रेत्यालाही तो ठाऊक असतोच असे नाही. १९५८ मध्ये सीरियाशी एकीकरण होऊन संयुक्त अरब प्रजासत्ताक झाले आणि स्फिंक्सची जागा गरुडाने घेतली. म्हणजे हा संच आटोपशीर आहे. नवख्याला पूर्ण करता येतो.

दुसरी सोपी खरेदी २००५ नंतरची. १ पाउंडाच्या दोन धातूंच्या नाण्यावर तुतानखामेनचा मुखवटा आणि ५० पियास्टरवर क्लिओपात्रा. जवळ साधा चुंबक ठेवा. सुरुवातीच्या नाण्यांना तो चिकटत नाही. २००७ पासून पोलादावर मुलामा दिलेली नाणी आली, ती चटकन चिकटतात. दोन्ही प्रकार जमवावेत. ओळखीचे कोणी नाईलच्या सहलीला निघाले असेल तर आठवण म्हणून चिनीमातीचा उंट आणू नका, सुटे पैसे आणा, असे त्यांना सांगून ठेवा. शाही ममींची मिरवणूक ३ एप्रिल २०२१ ला कैरोतून निघाली, त्या निमित्ताने काढलेले १ पाउंडाचे नाणेही असेच सुट्या पैशांत हाती लागू शकते.

एक जाताजाता. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानिमित्त काढलेल्या ५ मिलिमवर नेफरतीती आहे. तिचा तो प्रसिद्ध अर्धपुतळा १९१२ मध्ये इजिप्तमधल्या अमार्नाला सापडला आणि आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. इजिप्तच्या लोकांच्या हाती राहिली ती नाण्यावरची राणी.

चांदी घ्याल तेव्हा पाण्याचा प्रयोग करा

१९६४ मध्ये अस्वानच्या मोठ्या धरणासाठी नाईलचा प्रवाह वळवला, त्या प्रसंगी चांदीची नाणी निघाली. धरण काही प्राचीन स्मारक नाही, तरीही ती या संग्रहात हवीतच. त्याच धरणाच्या पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ मध्ये कापून सुमारे ६५ मीटर उंच आणि २०० मीटर मागे नेऊन पुन्हा उभारली गेली.

यातले ५० पियास्टरचे नाणे २० ग्रॅमचे, २५ पियास्टरचे १० ग्रॅमचे, दोन्हींत ७२ टक्के चांदी. खरे-खोटे घरी तपासता येते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, खाली बुडबुडा अडकता कामा नये. काटा जो आकडा दाखवील त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. या चांदीचे उत्तर १० च्या आसपास येते, म्हणजे ५० पियास्टर बुडवल्यावर काटा सुमारे २ ग्रॅम दाखवतो. तांबे-निकेलचे नकली नाणे असेल तर तो सव्वादोनच्या जवळ जातो. नाणे झिजून वजन थोडे घटले असले तरी हा भागाकार बदलत नाही.

सोन्यात १९५५ चा १ पाउंड सर्वांत देखणा: रथावर उभा राहून धनुष्य ताणणारा फॅरो. वजन ८.५ ग्रॅम, सोने २१ कॅरेट. पाण्याच्या प्रयोगात काटा जेमतेम अर्धा ग्रॅम दाखवतो. सोन्याच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर थांबू नका. हॉलमार्किंग केंद्रात एक्स-रे यंत्रावर तपासून घ्या. सराफ कसोटीवर घासायला निघाला तर हात धरा. त्याच्यासाठी ते सोने आहे. तुमच्यासाठी त्या ओरखड्याने नाण्याची निम्मी शान गेली.

काय टाळावे

नियुए, फिजी अशा पॅसिफिक बेटांच्या नावाने अनुबिस, होरस आणि पिरॅमिड असलेली रंगीत, उठावदार नाणी भरपूर निघतात. ती कायदेशीर चलन असतात, दिसायलाही छान, पण इजिप्तशी त्यांचा संबंध चित्रापुरता. आवडली तर जरूर घ्या. पुढे भाव वाढेल म्हणून घेऊ नका. ज्या तुकड्यावर देशाचे नाव आणि दर्शनी किंमत नाही ते नाणेच नव्हे, ते पदक. तिथे धातूच्या भावापेक्षा फार जास्त मोजू नये.

१ नोव्हेंबर २०२५ ला गिझाच्या भव्य इजिप्शियन संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले, तेव्हाही सोन्या-चांदीची नाणी काढण्यात आली. अशा ताज्या नाण्यांवर सुरुवातीला उत्साहाची किंमत चढलेली असते. घाई नसेल तर थांबा. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि टपालाचा विमा धरून एकूण किती पडते ते आधी काढा. सोन्या-चांदीवरचे शुल्क बदलत असते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नका.

घरी आणल्यावर नाणे धुऊ नका, चिंच-लिंबू नाही, पितांबरी तर नाहीच. कडेने धरा. मऊ पीव्हीसीचे पाकीट चांदीवर हिरवट चिकट थर आणते; त्याऐवजी मायलरचे (पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचे) पाकीट किंवा कडक कॅप्सूल वापरा. मुंबई-कोकणात राहत असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्याआधी ती बदला.