गुडघा बदलताना अँटिबायोटिकच्या या चुका टाळा

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर म्हणून १८ वर्षं झाली. आमच्या मराठवाड्यात सोयाबीनची रास झाली की गुडघे बदलायला लोक येतात, अन् दरवर्षी त्याच त्या चुका बघून जीव जळतो म्हणून लिहायलेय.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक चीरा द्यायच्या आधीच्या एका तासात शिरेतून गेलं पाहिजे. नवीन पोरं-पोरी वॉर्डातच सकाळी ६:३० ला देऊन फाईलवर टिक मारून मोकळे होतात. अशीच परभणीकडची एक मावशी लिस्टवर पहिली होती, मधेच इमर्जन्सी फ्रॅक्चर आलं अन् तिची केस सरकत सरकत १०:४५ ला लागली. मी फाईल उघडली, टिक बघितली अन् गप्प बसले. महिनाभरानं मावशी परत आली, टाक्यांच्या खालच्या टोकाला चिकट पाणी, गुडघा हाताला गरम. बसवलेला सांधा काढावा लागला, औषध मिसळलेला सिमेंटचा ठोकळा बसवला, काही महिन्यांनी परत ऑपरेशन. मावशीला शुगर होती, त्यामुळं त्या इंजेक्शनमुळंच झालं असं छातीठोक नाही सांगता येत, पण ४ तासांनी परत द्यायलाच पाहिजे होतं. तेव्हापासून मी टिक मानतच नाही. पांढऱ्या चिकटपट्टीवर वेळ लिहून सलाईनच्या बाटलीला लावते अन् चीऱ्याआधी मोठ्यानं वाचते, सर्जन वैतागले तरी वाचते.

टूर्निके (मांडीला बांधून रक्त थांबवायचा पट्टा) अँटिबायोटिक जायच्या आधी फुगवायची घाई करू नका, पायातलं रक्तच थांबलं तर औषध गुडघ्यात पोचणार कुठून? व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक निदान तासभर हळूहळू सोडायचं असतं, भरभर सोडलं तर अंग लाल होतं, बीपी पडतो, म्हणून ते लवकर लावा.

वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर सेफाझोलिन २ नाही, ३ ग्रॅम. वस्तऱ्यानं केस काढू नका. अन् पेशंट ‘पेनिसिलिन चालत नाही’ म्हणला की काय झालं होतं ते नीट विचारा, बऱ्याचदा नुसते जुलाब निघतात.

दुसरी चूक घरी गेल्यावरची. नातेवाईक म्हणतात, सिस्टर, १० दिवसांच्या गोळ्या लिहून द्यायला सांगा ना. साध्या केसमध्ये अँटिबायोटिक २४ तासांच्या आत बंद करायचं असतं, डब्ल्यूएचओनं २०१६ मध्ये तर ऑपरेशननंतर लांबवूच नका असं सांगितलंय. जास्तीच्या गोळ्यांनी पोट बिघडतं अन् जंतू हट्टी होतात. त्याहून वाईट म्हणजे जखम ओली दिसली की गावातल्या मेडिकलवरून गोळ्या आणायच्या! जंतू सांध्याच्या धातूवर बुळबुळीत थर करून बसलेले असतात, गोळीनं वरून जखम सुकते अन् आमच्या कल्चरमध्ये (जंतू उगवून बघायच्या तपासणीत) काहीच उगवत नाही, मग कोणत्या औषधानं मारायचं ते कळणार कसं? टाक्यातून पाणी दिसलं की गोळी न घेता त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा, पहिली एसटी पकडून या.