घरातल्या ज्येष्ठांच्या शौचस्वच्छतेचं सामान: या चुका टाळा

डायपर गळायला लागला की बहुतेक घरांत लगेच त्याहून मोठं माप आणलं जातं, आणि गळती आणखी वाढते. सैल डायपर मांडीपाशी उघडा राहतो, तिथूनच लघवी बाहेर येते. कंबर आणि नितंब दोन्हींचा घेर मोजा आणि मोठा आकडा पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. माप बरोबर असूनही गळत असेल, तर मांडीजवळची झालर आत दुमडली गेली आहे का ते बघा. बोट फिरवलं की ती बाहेर येते. पुरुषांच्या बाबतीत डायपर लावताना लिंग खालच्या दिशेला हवं, नाहीतर पोटाकडून कपडे भिजतात. संकोचापोटी हे कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून स्पष्ट लिहिलं.

रात्रीसाठी एकावर एक दोन डायपर घालणं म्हणजे पैसे वाया. आतल्या डायपरच्या बाहेरच्या बाजूला पाणी न झिरपणारा थर असतो, त्यामुळे तो भरला की लघवी दुसऱ्यात न उतरता कडेनं वाहते. त्याऐवजी आत ठेवायचं, मागून प्लॅस्टिक नसलेलं जादा पॅड आणा आणि खाली अंडरपॅड अंथरा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या त्वचेच्या बाबतीत. साबणानं घासणं, पाण्यात जंतुनाशक मिसळणं, वर पावडर फासणं. म्हातारपणी कातडी पातळ झालेली असते, ती घासण्यानंच सोलवटते आणि घामात पावडरचे गोळे होतात. कोमट पाणी, मऊ कापड आणि टिपून कोरडं करणं एवढं पुरतं. वाइप्स घ्याल तर बिनवासाचे, बिनअल्कोहोलचे. बायकांना पुढून मागे पुसायचं, उलट नाही. उलट पुसल्यानं मूत्रमार्गात जंतू जातात. झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा, कारण जाड थर डायपरला चिकटतो आणि मग तो नीट शोषत नाही. माकडहाडावरचा लालसरपणा बोटानं दाबूनही फिका पडत नसेल, तर ती दाबजखमेची सुरुवात असू शकते. तिथे मलमावर मलम बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सामान कपाटात आणि पेशंट पलंगावर, हीही नेहमीची गोष्ट. कुशीवर वळवून डायपर उघडला आणि मग ग्लोव्ज आठवले! तेवढ्या वेळात माणूस पलंगावरून पडू शकतो. सगळं आधी एका ट्रेमध्ये काढून ठेवा, कचऱ्याची पिशवीसुद्धा. मळलेल्या ग्लोव्जनी मलमाची ट्यूब किंवा लाइटचं बटण धरू नका. ग्लोव्ज घातले म्हणून हात धुणं सुटत नाही. जुलाब असतील तेव्हा तर नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका. काही जंतूंवर तो चालत नाही, साबण-पाणीच हवं.

डायपर कमी लागावेत म्हणून पाणी तोडू नका. लघवी गडद होते, मूत्राशयाला चुरचुरते, वर बद्धकोष्ठता.

साठा करायचा तर आधी छोटं पाकीट वापरून बघा. आजारपणात वजन उतरतं आणि मापही बदलतं. पाकिटं बाथरूमच्या ओलीत ठेवू नका.

वाइप्स कमोडमध्ये टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, पाइप तुंबतो. आणि कमोड धुताना ब्लीच आणि अ‍ॅसिडचं क्लीनर कधीही एकत्र वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. लघवीच्या भांड्यातही ब्लीच थेट ओतू नका. आधी भांडं रिकामं करून पाण्यानं विसळा, मगच ब्लीच.