हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि त्वचेवरचे चट्टे: या चुका टाळा

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही मूळची मलेरियाची गोळी, म्हणजे जंतू मारणार. मग गजकर्णही जाणार, असा हिशेब बरेच जण करतात. पण गजकर्ण बुरशीचं, आणि बुरशी या गोळीला दाद देत नाही. त्वचारोगात ती देतात ती बिथरलेली प्रतिकारशक्ती आवरायला, मुख्यतः ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात.

घोटाळा होतो तो दिसण्यावरून. डिस्कॉइड ल्युपसचा, म्हणजे त्वचेवरच्या ल्युपसच्या एका प्रकाराचा गोल, खवलेदार चट्टा गजकर्णासारखाच वाटतो. त्याचा खवला सोलून उलटा धरला, तर खाली बारीक खुंट्या दिसतात. त्या केसांच्या छिद्रांत रुतलेल्या असतात. गजकर्णात मध्य निवळतो आणि कड लाल राहते. कडेचं खरवडण पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशीचे धागे सापडतात. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम आधीच चोपडलेलं असेल, तर कड पुसट होते आणि निदान हुकतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूबही सोबत न्या.

चट्टा फिकट आणि बधिर असेल, तर आधी कुष्ठरोग तपासा. कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये (अचानक उसळणाऱ्या दाहात) याच जातीचं क्लोरोक्वीन वापरलं गेलं आहे, पण ते दाह उतरवायला. जिवाणू मारते ती एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती. रिअ‍ॅक्शन आली म्हणून ती थांबवू नये.

दुसरी मोठी चूक डोसची. सरसकट रोज 400 मिलिग्रॅम नको. प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोला दिवसाला जास्तीत जास्त 5 मिलिग्रॅम. 52 किलोच्या बाईंना 400 म्हणजे किलोला जवळजवळ 7.7! त्यांची मर्यादा 260. गोळी 200 ची असेल, तर आठवड्यातले पाच दिवस एक आणि दोन दिवस दोन, असा मेळ डॉक्टर बसवू शकतात. जास्त डोस वर्षानुवर्षं चालला की डोळ्याचा पडदा बिघडतो आणि ते नुकसान भरून येत नाही. पहिल्या वर्षातच डोळे तपासून घ्या, पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्र चाचणी करा. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) चालू असेल, तर पाच वर्षं थांबू नका.

दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नका. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. ती जेवणासोबत घ्या, अँटासिड चार तासांच्या अंतराने. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते, हे लक्षात ठेवा.

पाकीट फ्रिजवर किंवा उशाशी नको, कुलपात ठेवा. लहान मुलाच्या पोटात एक-दोन गोळ्या गेल्या तरी जिवावर बेतू शकतं.