स्टार्टर पेटीत हात घालण्याआधी

पाऊस ओसरला की कामं एकदम अंगावर येतात. सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी, द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी आणि घरी दिवाळीची आवराआवर. पावसाळाभर ज्या कोपऱ्याकडे कुणी फिरकलं नाही, तिथंच आता हात जातो. गेल्या वर्षी रात्रपाळीची लाइट आली म्हणून मी विहिरीवर गेलो, अंधारात स्टार्टर पेटी उघडली आणि मनगटावर गांधीलमाश्यांचे चार डंख बसले. झाकणाला आतून लिंबाएवढं पोळं होतं. दिवसा एकदा वाकून पाहिलं असतं तर दिसलं असतं.

म्हणून काम सुरू करण्याआधी उजेडात एक फेरी मारा. स्टार्टर आणि मीटरची पेटी, गोठ्याच्या पत्र्याखालचे वासे, उलटी ठेवलेली घमेली, न वापरलेला फवारणी पंप, द्राक्षाच्या मांडवाच्या तारा, लिंबाची दाट झाडं, कुंपणाची झुडपं. हात लावू नका, पाच मिनिटं लांब उभे राहून माश्यांची ये-जा बघा.

दिसेल ते सगळंच पाडायचं नसतं. भिंतीवर चिखलाची घरटी करणारी कुंभारीण सहसा कुणाच्या वाटेला जात नाही, तिला राहू द्या. उघड्या कप्प्यांचं, कागदासारखं, एका देठाला लटकलेलं पोळं असतं ते गांधीलमाशीचं. लाकडाचा भुसा चावून, लाळेत मळून ती हा कागद करते. पिल्लांना भरवायला ती दिवसभर पिकांवरच्या अळ्या धरून आणते. कपाशी-तुरीच्या बांधावर, माणसांच्या वाटेपासून लांब असं पोळं असेल तर मी ते मोडत नाही. फुकटची राखण आहे ती. पोळं काढायचं ते फक्त रोजच्या वाटेवरचं, मुलं किंवा जनावरं जवळ जातात तिथलं, आणि पेटीतलं.

झाडावर मडक्याएवढा बंद कागदी गोळा, ढोलीत मोठ्या गांधीलमाश्या किंवा आग्या मोहोळ असेल तर स्वतः काहीच करू नका. जाणकार माणूस बोलवा आणि तोवर त्या बाजूचं काम थांबवा.

लहान पोळं काढायचं तर अंधार पडल्यावर, माश्या पोळ्यावर बसून शांत झाल्या की. अंगभर जाड कपडे, डोक्याला व तोंडाला जाळी, हातमोजे, आणि टॉर्चवर लाल कागद. लाल उजेड त्यांना नीट दिसत नाही. पळायची वाट आधी मोकळी करून ठेवा. भांडी धुण्याचा साबण पाण्यात चांगला कालवून पंपाने लांबून पोळं चिंब भिजवा. साबणाच्या पाण्याने त्यांची श्वासाची छिद्रं बुजतात आणि त्या जागीच गळून पडतात. सकाळी पोळं खरवडून काढा, देठाची जागाही पुसा.

पेटीत मात्र पाण्याचा थेंब नको. मागचा मेन स्विच बंद करा, तो चालू-बंद कळत नसेल तर वायरमनला बोलवा. मग रात्री लांब, कोरड्या लाकडी काठीने पोळं पाडा आणि बाजूला व्हा. केबल आत येते ते छिद्र बुजवलं नाही तर तिथं पुन्हा पोळं होतं.

टेंभा पेटवून पोळं जाळायची आपल्याकडे जुनी सवय आहे. कृपा करून हे करू नका. शेजारी कडब्याची गंजी, वर वाळलेलं छप्पर. शिवाय चवताळलेल्या माश्या थेट माणसावर येतात.

गांधीलमाशीची नांगी मधमाशीसारखी अंगात अडकून राहत नाही, म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डसते. डसल्यावर तिथून आधी लांब जा. जखम साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. हाताला डंख असेल तर अंगठी-बांगड्या लगेच उतरवा, सूज चढल्यावर निघत नाहीत. चुना, माती लावू नका.

ओठ-चेहरा सुजणं, अंगभर गांधी उठणं, दम लागणं, उलटी, चक्कर यांपैकी काही दिसलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. चक्कर येत असेल तर माणसाला आडवं झोपवा, चालवू नका. तोंडात किंवा घशात डंख असेल, किंवा बऱ्याच माश्या डसल्या असतील, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या. खूप विष अंगात गेलं तर त्याचा मूत्रपिंडावर परिणाम पुढच्या एक-दोन दिवसांत दिसतो. लघवी कमी झाली किंवा चहासारखी काळसर आली तर त्याच घडीला डॉक्टरांना सांगा.