हरिकेन येण्यापूर्वी नौकेची तजवीज

हरिकेनमध्ये, म्हणजे तीव्र चक्रीवादळात, नौकेचे नुकसान वाऱ्यामुळेच होते असे मानले जाते. परंतु बांधून ठेवलेल्या नौकांचा घात अनेकदा वादळाबरोबर चढणारे पाणी आणि घासून तुटलेले दोर करतात. तयारीची आखणी करताना या दोन गोष्टींना अग्रक्रम द्यावा.

अटलांटिकमध्ये हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. तेथे अमेरिकेचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र ‘हरिकेन वॉच’ (हरिकेन येण्याची शक्यता) साधारण ४८ तास आणि ‘हरिकेन वॉर्निंग’ (हरिकेन अपेक्षित असल्याचा इशारा) ३६ तास आधी जाहीर करते. मात्र हे तास वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मध्यभाग, पोहोचेपर्यंतचे नसून ताशी सुमारे ६३ किलोमीटरचे वारे सुरू होईपर्यंतचे असतात, कारण त्यानंतर डेकवर उभे राहून काम करणे धोक्याचे ठरते. इशारा आल्यावर क्रेन शोधायला निघालेल्या मालकाला यार्डात, म्हणजे नौका जमिनीवर ठेवण्याच्या आवारात, रांगच भेटते, तेव्हा नौका कोठे ठेवायची हे हंगामापूर्वीच ठरलेले बरे.

शक्य असल्यास नौका पाण्याबाहेर काढणे हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे. यार्ड उंचावर असावे. आधाराचे खांब एकमेकांना साखळीने जोडावेत, त्यांच्याखाली प्लायवूडचे तुकडे द्यावेत आणि नौका पट्ट्यांनी जमिनीत रोवलेल्या आकड्यांना जखडावी. डोलकाठी उतरवता आली तर उत्तमच.

मरीनात, म्हणजे खासगी नौका बांधून ठेवण्याच्या छोट्या बंदरात, राहायचे असेल तर तरत्या धक्क्याचे खांब किती उंच आहेत ते आधी पाहावे. पाणी खांबांच्या टोकापलीकडे चढले की धक्का निसटतो आणि त्याला बांधलेल्या साऱ्या नौका त्याच्याबरोबर वाहत जातात. स्थिर धक्क्यावर आखूड दोर घातक ठरतात, कारण पाणी चढू लागले की ते नौकेला खाली ओढून धरतात. म्हणून दोर लांबच्या खांबांना, चारी बाजूंनी कोळ्याच्या जाळ्यासारखे बांधावेत आणि नौका धक्क्यापासून दूर, मधोमध राहील असे पाहावे. डोळा जवळून गेला तर वारा थोडा वेळ थांबतो आणि मग उलट दिशेने सुटतो, त्यामुळे एकच बाजू भक्कम करून भागत नाही.

नांगरावर राहायचे झाल्यास आडोशाची खाडी निवडावी आणि नांगरदोराची लांबी शक्यतो खोलीच्या दहापट ठेवावी. ही खोली मोजताना पाण्याच्या पृष्ठभागापासून नाळेची (नौकेच्या पुढच्या टोकाची) उंची आणि अपेक्षित चढ दोन्ही मिळवावीत: पाणी ४ मीटर, नाळ १ मीटर आणि चढ ३ मीटर धरला, तर दोर ८० मीटर लागतो. एवढ्या दोरावर नौका किती फिरेल आणि शेजारच्या नौकेला भिडेल का, हेही तपासावे.

नायलॉनचा दोर ताणला जाऊन झटके सोसतो, पण नौकेच्या कडेवरून पुढेमागे सरकताना तो घासतो आणि तापतोही. म्हणून कडेवरून जाणारा भाग पॉलिएस्टरचा ठेवून त्यावर जुन्या अग्निशामक होजचा तुकडा चढवावा. घट्ट प्लास्टिकची नळी वापरू नये, कारण ती उष्णता आत कोंडते आणि पावसाचे पाणी दोरापर्यंत पोहोचू देत नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे शिडे, छत आणि कापडी आडोसे काढून टाकावेत. पुढचे गुंडाळीचे शीड नुसते बांधून ठेवणे पुरेसे नसते, ते उतरवावेच लागते. बॅटऱ्या पूर्ण चार्ज कराव्यात, बिल्ज पंप (नौकेच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेले पाणी उपसणारा पंप) चालवून पाहावा आणि पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी करावीत. कॉकपिटचा (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीचा) निचरा करणाऱ्या झडपा वगळता इतर झडपा बंद कराव्यात. किनाऱ्यावरील विजेची केबल काढावी, सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि कागदपत्रे सोबत न्यावीत.

त्यानंतर नौकेवर कोणीही थांबू नये. ताशी ११९ किलोमीटरपासून पुढच्या वाऱ्यात सुटलेला दोर हाताने पुन्हा बांधता येत नाही, आणि स्थलांतराचा आदेश नौकामालकालाही लागू असतो. परतल्यावर तुटलेल्या विजेच्या तारा आणि गळलेले इंधन यांची खात्री करूनच धक्क्यावर पाऊल ठेवावे, आणि बिल्ज व विजेचे जोड कोरडे असल्याचे पाहिल्याशिवाय किनाऱ्याची वीज जोडू नये.