फुलपाखरांच्या बागेसाठी आधी अळ्यांची झाडं लावा

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटलं की बहुतेक जण एक्झोरा, झेंडू, जमैकन स्पाइक अशी फुलझाडं घेऊन येतात. फुलपाखरं त्यांच्यावर येतात, मध पितात आणि निघून जातात. ती बागेत टिकायची तर मादीला अंडी घालायला तिच्या जातीचं झाड मिळालं पाहिजे. पायांनी पानाची चव घेऊन ती झाड पारखते, कारण अंड्यातून निघालेली अळी भलतं पान सहसा खातच नाही. पावसाचे पहिले दोन-तीन चांगले सडाके पडले की ही झाडं लावून घ्यावीत. पाऊस ओसरताना फुलपाखरांचा भर असतो आणि तोवर रोपांना पुरेसा पाला यायला हवा.

कोणतं झाड लावायचं, हे आसपास काय उडतंय ते पाहून ठरवा. जे फुलपाखरू तुमच्या भागात नाही, त्याचं झाड लावून उपयोग नाही. पडीक जागेत रुई असेल तर प्लेन टायगर बहुधा असतंच. त्याच्यासाठी रुई किंवा हळदीकुंकू लावा. कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय अंडी घालतात. यांच्या लहान अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्यावर हिरव्या होतात. मात्र ज्यांची लिंबू-संत्र्याची बाग किंवा कलमांची रोपवाटिका आहे त्यांनी या गटाच्या वाटेला जाऊ नये. याच अळ्या कोवळ्या रोपांचा पाला फस्त करतात, मग एका हाताने पाळायचं आणि दुसऱ्या हाताने फवारायचं अशी गत होते.

सीताफळ आणि उंच वाढणारा आसुपालव टेल्ड जेला चालतात, कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कॉस्टर येतं आणि कोरांटीवर लेमन पॅन्सी. जागा मोठी असेल तर बहावा लावा, त्यावर एमिग्रंट येतात. काही झाडं तर लावावीही लागत नाहीत. टाकळ्यावर ग्रास यलो वाढतं, घोळीवर डॅनेड एगफ्लाय, आणि इव्हनिंग ब्राऊनला साधं गवत पुरतं. बांधाची एक पट्टी खुरपणीतून वगळली की हे सगळं फुकटात मिळतं. माझ्या मते नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

वेल घेताना एक खबरदारी घ्या. कॉमन रोज आणि क्रिमसन रोजसाठी देशी ईश्वरी, म्हणजे सापसंदच हवी. शोभेसाठी मिळणारी विदेशी बदकवेल तिच्याच कुळातली असली तरी ती घेऊ नका. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या फुलपाखराच्या माद्या फसून तिच्यावर अंडी घालतात आणि पानं खाऊन अळ्या मरतात.

एकाच जातीची तीन-चार रोपं जवळजवळ लावा. एकटं छोटं रोप चार-पाच अळ्याही बोडकं करतात आणि मग त्या उपाशी मरतात. पाला खाल्लेलं निरोगी झाड पुन्हा फुटतं, त्याची काळजी नको. रोपवाटिकेतून रोप आणताना आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं कीटकनाशक दिलंय का, ते आवर्जून विचारा. दिलेलं असेल किंवा नीट उत्तर मिळालं नाही तर ते रोप सोडून द्या. घरी बी लावून किंवा फांदीपासून केलेलं रोप सगळ्यात खात्रीचं.

रुई आणि हळदीकुंकवावर पिवळा मावा येणारच. पानाखाली अंडी नाहीत ना ते बघून पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढा. निंबोळी अर्क किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूंचं कीटकनाशक जैविक म्हणून चालेल, असं समजू नका. दुसरं तर अळ्या मारण्यासाठीच वापरतात. शेजारच्या पिकावर फवारणी होत असेल तर या झाडांची जागा वारा झाडांकडून पिकाकडे जाईल अशा बाजूला ठेवा. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि कॉमन क्रोसाठी कण्हेर लावत असाल तर ती लहान मुलं आणि गुरांच्या तोंडापासून लांब ठेवा, कारण कण्हेर सगळीच विषारी असते.

पूर्ण वाढलेली अळी कोष करायला पुष्कळदा झाड सोडून जाते. कुंपण, वाळकी काटकी, भिंतीचा कोपरा, कुठेही कोष दिसू शकतो. म्हणून पावसाळाभर खालचा कचरा आणि काटक्या साफ करायची घाई नको. छाटणी करायचीच झाली तर प्रत्येक फांदी उलटसुलट पाहून घ्या, कोष असलेली फांदी ठेवा आणि बाकीच्या छाटा.