सामन्याच्या दिवशी नवा डाव? नव्या कामात या चुका टाळा

यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या शेतकरी कंपन्या आणि बचत गटांसोबत मी बरीच वर्षं काम करतोय. दर आमसभेत कोणीतरी उठून सांगतं, नीरज चोप्रासारखी जिद्द ठेवा, काहीतरी नवं करा. टाळ्या पडतात, पुढच्या हंगामात मात्र मागच्याच चुका होतात. खेळाडूची जिद्द सगळ्यांना हवी असते, पण तो सराव कसा करतो हे विचारायला कोणी थांबत नाही.

सगळा माल पहिल्याच प्रयोगात घालणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे आणि एकदा तिच्यात माझाही हात होता.

आमच्या भागातल्या एका कंपनीची छोटी दालमिल होती. पद्धत जुनीच. तुरीला मशीनमधून ओरखडे पाडायचे, तेल चोळायचं, रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, मग पाणी मारून तीन-चार दिवस उन्हात वाळवायचं आणि भरडायचं. नव्या व्यवस्थापकानं पाणी कमी करून वाळवणीचे दोन दिवस वाचवायची रीत कुठूनतरी शिकून आणली. पोरगा हुशार होता, रीतही चुकीची नव्हती. त्याच आठवड्यात नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तीस क्विंटल डाळीची ऑर्डर आली. होळीच्या आधी माल द्यायचा होता. दोन दिवस वाचतात म्हणून सगळी तूर नव्या रीतीनं घ्यायची ठरली. मी बैठकीत होतो आणि मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. भरडायला घेतल्यावर मिलवरच्या काकांनी मूठभर डाळ माझ्यापुढे धरली. "पाहा भाऊ, साल तं निघूनच नाई राह्यली." साल सुटावी म्हणून दाब वाढवला, तर चुरी पडायला लागली. व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. चुरी ढोरांच्या खाद्याच्या भावात गेली.

पैशाचं नुकसान दोन हंगामांत भरून निघालं. पण संचालकांनी ठराव केला की इथे पुन्हा प्रयोग नको, आणि पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेला. चार वर्षं त्या मिलमध्ये कोणी नवीन काही सुचवलं नाही. मला आजही त्याचीच जास्त हळहळ वाटते.

नवी रीत कशी आणायची, हे खेळाडूकडून शिकावं. अमेरिकेच्या डिक फॉसबरीनं 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पाठ खाली करून 2.24 मीटर उंच उडी मारली आणि सुवर्णपदक नेलं. जगानं ती रीत तिथे पाहिली, पण तो तिच्यावर शाळेत असल्यापासून काम करत होता. आधी जुनी कैची उडी, म्हणजे आडवी दांडी एकेक पाय टाकून ओलांडायची, मग दर वेळी पाठ थोडी जास्त मागे. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पूर्वी उडी मारणारे वाळूत किंवा लाकडाच्या भुशात पडत, तिथे मानेवर पडणं म्हणजे हाड मोडून घेणं. त्याच काळात फोमच्या जाड गाद्या आल्या, म्हणून पाठीवर पडणं जमलं.

आपले पहिलवानही आखाड्यात उतरण्याआधी माती खणून, तेल-ताक घालून मऊ करतात. संस्थेत मात्र कडक जमिनीवरच पोराला सांगतात, मार उलटी उडी.

माझी सवय आता ठरलेली आहे. नवी रीत एका पोत्यावर करायची. एकदा कडक उन्हात, एकदा आभाळ असताना, एकदा मी हजर नसताना. ते पोतं वाया जाणार असं धरून त्याचे पैसे आधीच बाजूला काढायचे. ऑर्डरचा माल तोवर जुन्याच रीतीनं. "इतकं थांबलो तर हंगाम निघून जाईल" असं म्हणणारे उतावीळ लोक दर गावात भेटतात. हंगाम दरवर्षी येतो, असं मी त्यांना सांगतो.

पहिला फाऊल झाला की माणूस बाद

पॅरिसमध्ये 2024 साली नीरजच्या सहा फेकींपैकी पाच फाऊल होत्या. एकच वैध ठरली, 89.45 मीटर, आणि तिच्यावर रौप्यपदक मिळालं. भालाफेकीत सर्वांत चांगली फेक मोजतात. आपल्या संस्थांत सर्वांत वाईट फेक मोजतात, आणि तीही दहा वर्षं.

खाशाबा जाधव 1948 ला लंडनला गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांना नवीन होती. सहावे आले. त्यानंतर त्यांना घरी बसवलं असतं, तर 1952 चं हेलसिंकीचं कांस्यपदक आलं असतं का? लोकांनी वर्गणी काढून त्यांना पुन्हा पाठवलं.

मी गटातल्या बायांना एक साधी वही ठेवायला सांगतो. लोणच्याची कोणती बरणी बुरसली, मीठ किती होतं, फोडी किती वाळल्या होत्या, हे लिहायचं. कोणाच्या हातून झालं, ते लिहायचं नाही. सुरुवातीला कोणी लिहीत नाही. अध्यक्षताईंनी स्वतःची बिघडलेली बरणी पहिली लिहिली की बाकीच्या लिहायला लागतात. याला दुसरा सोपा उपाय मला अजून सापडलेला नाही.

बारीकसारीक, पण नेहमीच्या

खेळाडू पहाटे उठतो म्हणून पहाटे बैठक ठेवू नका, तो दुपारी झोपतोही.

वेचणीच्या दिवसांत नवं प्रशिक्षण लावू नका, थकलेला माणूस जुन्याच वाटेनं जातो.

पॅकेटचा रंग बदलणं म्हणजे नवं काम नाही.

बाहेरचा जाणकार आणून घरच्यांना बाजूला सारणं

विदर्भानं 2017-18 ला पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी फलंदाज वसीम जाफर, दोघेही मुंबईचे. पण कर्णधार आपला फैज फजल होता आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली ती आपल्या रजनीश गुरबानीनं. पंडित पुढे मध्य प्रदेशकडे गेले. तरी 2024-25 ला विदर्भानं पुन्हा करंडक जिंकला, आणि तेव्हा प्रशिक्षक होते विदर्भाचेच जुने खेळाडू उस्मान घनी.

म्हणून सल्लागाराशी बोलणी करताना मी एक अट आधीच घालतो. शेवटचा आठवडा त्यानं खुर्चीवर बसून काढायचा, मशीनला हात लावायचा नाही. त्या आठवड्यात मिल गावातलीच पोरं चालवतील, आणि त्याचा शेवटचा हप्ता त्यानंतरच निघेल.